गावाकडच्या जुन्या दफनभूमींच्या नोंदी : कोण करतंय, कसं करताय?

पांथस्थ

मंडळी, गेली काही वर्षं आम्ही चौघे-पाच जण तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या ख्रिस्ती दफनभूमीची नोंद करतो आहोत. संस्था नाही, निधी नाही. रविवारी सकाळी जमतो, ऊन चढलं की उठतो. इथे गडकोट, वीरगळ, मोडी यांत रमणारे बरेच आहेत, पण स्मशानं आणि दफनभूमी यांच्याबद्दल फारसं कुणी लिहिलेलं दिसलं नाही, म्हणून हा धागा.

सुरुवात करायला एकच कारण पुरलं. संगमरवरी पाट्या नाहीशा व्हायला लागल्या होत्या. जुन्या कबरींचा चौथरा विटांचा किंवा काळ्या दगडाचा, वर चुन्याचा गिलावा, आणि मजकूर तेवढा वेगळ्या संगमरवरी पाटीवर कोरून बसवलेला असतो. चौथरा कुणी नेत नाही, पाटी नेतात. ती गेली की खाली कोण आहे हे सांगणारं जागेवर काहीच उरत नाही. पाट्या राखायला रात्रंदिवस माणूस ठेवणं आपल्याला जमणार नाही, पण पाटीवर काय लिहिलंय ते आजच्या आज उतरवून घेता येतं.

पद्धत थोडक्यात सांगतो. आधी संपूर्ण जागेचा कच्चा नकाशा. फाटक, विहीर, एखादा जुना वृक्ष अशा न हलणाऱ्या खुणा धरायच्या आणि टेपने अंतरं घ्यायची. मोबाइलचं जीपीएस उघड्यावरही चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, झाडाखाली त्याहून जास्त. कबरी एकमेकींना खेटून असतील तर नुसत्या जीपीएसवर शेजारची कबर आपली होते. मग ओळीने क्रमांक. क्रमांक फक्त कागदावर आणि फोटो काढताना शेजारी धरलेल्या लिहायच्या छोट्या पाटीवर, दगडावर खडूनेसुद्धा नाही. प्रत्येक कबरीचे निदान तीन फोटो: आजूबाजूसकट पूर्ण, मजकुराचा समोरून सरळ, आणि फुटलेल्या किंवा न लागणाऱ्या भागाचा जवळून.

मजकूर उतरवताना ओळ जिथे तुटते तिथे तिरकी रेघ, स्पेलिंग चुकलेलं असेल तर चुकलेलंच, झिजलेल्या अक्षरांच्या जागी चौकोनी कंस. तर्क असेल तर तो शेजारच्या वेगळ्या रकान्यात, खाली तर्क करणाऱ्याचं नाव. आणि ज्या चौथऱ्यावर एकही अक्षर नाही, त्यालाही क्रमांक आणि पूर्ण नोंद. यावर आमच्यात सुरुवातीला बरीच चर्चा झाली. पण बिननावाच्या कबरी गाळल्या तर ती दफनभूमीची नोंद राहत नाही, ऐपत असलेल्यांची यादी होते.

तुमच्याकडे असं काही चालू आहे का? पद्धत, परवानग्या, नोंदी ठेवायच्या कुठे, सगळ्यावर लिहा.

सह्यवारा

उत्तम धागा. वाखूसा (वाचनखूण साठवली).

आम्ही भटकंतीत वीरगळ आणि सतीशिळांचे फोटो काढतो, पण असं क्रमवार कधी केलं नाही. वीरगळही मृत्यूचीच नोंद आहे की. खाली लढाई, मधे अप्सरा वीराला घेऊन जाताहेत, वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, माथ्यावर चंद्रसूर्य. बहुतेकांवर अक्षर नसतं, त्यामुळे लोक फोटो काढतात आणि पुढे जातात. गावकरी ते दगड उचलून देवळाच्या पारावर आणून ठेवतात ते वेगळंच. मूळ जागा कुठली हे सांगणारा म्हातारा गेला की संपलं. तेव्हा शोधण्याआधी विचारणं महत्त्वाचं, असं माझं मत झालंय.

शंकासुर

पांथस्थ, मेहनतीबद्दल आदर आहे. पण एक प्रश्न मनापासून विचारतो. या जुन्या ख्रिस्ती दफनभूमी म्हणजे बहुतांशी इंग्रज अधिकारी आणि त्यांचे कुटुंबीय. त्यांची दफ्तरं त्यांच्या देशात नीट जपलेली आहेत. आपल्या आजापणज्यांची साधी मृत्यूची तारीख आपल्याला ठाऊक नसते. मग आपले रविवार आधी कुणासाठी खर्च व्हावेत?

पांथस्थ

शंकासुर, प्रश्न रास्त आहे आणि तो आम्हालाही पडला होता.

छावणीच्या गावातली दफनभूमी पूर्ण फिरलात की चित्र बदलतं. फाटकाजवळ उंच, मनोरेवजा थडगी अधिकाऱ्यांची, हे खरं. त्यामागे साध्या शिपायांच्या बायका आणि तान्ही मुलं, एकाच घरातली दोन-तीन, काही महिन्यांच्या अंतराने. आणि कुंपणाच्या कडेला इथलीच माणसं: मिशन शाळेतले मास्तर, बायबल घेऊन गावोगाव फिरणाऱ्या बाया, दवाखान्यातल्या परिचारिका. त्यांच्या दगडांवर मराठी आहे, देवनागरीत कोरलेलं. या लोकांची दफ्तरं परदेशात कुणी जपलेली नाहीत. असलीच तर चर्चच्या दफनवहीत एक ओळ, आणि तो दगड.

आपली आणि त्यांची अशी वाटणी करून काम सुरू केलं असतं तर हा कडेचा भाग आम्ही पाहिलाच नसता.

खडूफळा

शिरूरचं उदाहरण इथे सांगण्यासारखं आहे. तिथे कर्नल वॉलेस या इंग्रज अधिकाऱ्याचं थडगं आहे, मृत्यू १८०९. पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरात नोंद आहे की आजूबाजूच्या गावांतले लोक त्याला 'सतपुरुष' मानून पूजत आणि सुगीला नव्या धान्याचा नैवेद्य आणत. थडग्यावरच्या मजकुरातून हे कळणार नाही.

म्हणून सुचवते, प्रत्येक जागेच्या नोंदीत 'इथले लोक काय सांगतात' असा एक रकाना असू द्या. ऐकीव आहे असं स्पष्ट लिहून ठेवा, पण ठेवा. सांगणाऱ्याची परवानगी मात्र घ्या.

मोडीवेडा

शंकासुरांच्या प्रश्नाला दुसऱ्या बाजूने उत्तर देतो, कारण मी नेमकं तेच काम करतो. ज्यांना अग्नी दिला जातो त्यांचा दगड नसतो, पण कागद असतो.

आपल्याकडे गावपातळीवर जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये होत असे. लोक त्याला 'कोतवाल बुक' म्हणतात. जुनी पुस्तकं मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा ही पुस्तकं तहसिलाच्या अभिलेख कक्षांतून बाहेर निघाली आणि बऱ्याच जिल्ह्यांनी पानं स्कॅन करून आपल्या संकेतस्थळावर टाकली. लोकांनी ती जातीच्या नोंदीसाठी पाहिली, ते साहजिकच होतं. पण त्याच पानांवर तुमच्या गावात कोण कधी गेलं, वय काय, आजार कोणता, हे सगळं आहे.

एक पान जवळून सांगतो. रकाने आखलेले, शाई तपकिरी पडलेली. पहिल्या काही ओळींत आजाराच्या रकान्यात 'ताप', 'ताप', 'खोकला'. मग एका तारखेला 'पटकी', म्हणजे कॉलरा. दुसऱ्या दिवशी तीन वेळा 'पटकी'. त्याखाली लिहिणाऱ्याने शब्द लिहिणंच सोडलंय, नुसती वरच्याप्रमाणे अशी खूण. दोन पानं भरून त्या खुणा आहेत. मग पुन्हा 'ताप'. गावात पटकीची साथ कधी आली, किती दिवस राहिली आणि कुठल्या आळीत जास्त माणसं गेली, हे त्या दोन पानांत आहे. दुसरीकडे कुठेही नाही.

बायकांची नावं शोधताना लक्षात ठेवा: 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. कित्येकदा बाईचं स्वतःचं नावच नसतं, नुसतं अमक्याची बायको किंवा आई एवढंच. तिथे मी नावाचा रकाना रिकामा ठेवतो आणि जे लिहिलंय ते जसंच्या तसं शेऱ्यात घेतो. घरच्या वंशावळीवरून नाव सापडलं तरी ते वेगळ्या रकान्यात. पांथस्थांचा चौकोनी कंसाचा नियम कागदालाही तितकाच लागू आहे.

चित्रा_क

मोडीवेडा, अंगावर काटा आला वाचून. पु.भा.प्र. (पुढील भागाच्या प्रतीक्षेत). यावर स्वतंत्र लेख लिहाच.

एक भर घालते. हिंदूंमध्ये सगळे दहनच करतात असं नाही. लिंगायत, जंगम, गोसावी, नाथपंथी यांच्यात दफन किंवा समाधी असते. लहान मुलांना तर बहुतेक समाजांत पुरतातच. सातबाऱ्यावर किंवा गावाच्या नकाशात या जागा स्वतंत्र दाखवलेल्या असतातच असं नाही, कधी त्या पोटखराब 'ब' मध्ये, म्हणजे लागवडीखाली न येणाऱ्या जमिनीत, जातात. आमच्या गावामागे गोसाव्यांच्या समाध्या आहेत आणि त्या रस्तारुंदीत जाणार अशी कुणकुण आहे. त्यांची नोंद करायची आहे. एका समाधीवर अक्षरं आहेत, फोटो काढला की लिहिते.

रंगपंचमी७२

न लागणाऱ्या अक्षरांवर खडू घासला किंवा पीठ चोळलं तर लगेच उठून दिसतात. मी एका किल्ल्यावरच्या शिलालेखावर करून पाहिलंय. काळं शेवाळ असेल तर पातळ ॲसिड आणि तारेचा ब्रश. दगड नवा दिसतो.

पाषाणी

कृपया असं करू नका, कुणीही! मी दगडी वास्तूंच्या जतनाच्या कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ॲसिड पडलं की तो फसफसतो, म्हणजे विरघळतो. नवा दिसतो कारण वरचा थर, म्हणजेच अक्षरांची धार, निघून गेलेली असते. तारेच्या ब्रशाचे ओरखडे कायमचे, आणि त्या ओरखड्यांत पुढच्या वर्षी शेवाळ आणखी घट्ट धरतं. खडू आणि पीठ दगडाच्या छिद्रांत बसतं, धुऊन पूर्ण निघत नाही, पिठावर बुरशी येते. दाढीचा फेस लावायची युक्तीही बाहेर बरीच फिरते, तीही तितकीच वाईट. ब्लीचमुळे आत क्षार साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटतात.

करायचं तर एवढंच: साधं पाणी आणि मऊ ब्रश, तेही दगड घट्ट असेल तरच. बोट लावल्यावर साखरेसारखे कण सुटत असतील तर हात लावू नका, फोटो काढा आणि पुढे चला. फुटलेला चौथरा सिमेंटने सांधू नका. चुन्याच्या बांधकामात सिमेंट घातलं की ओल आत कोंडते आणि शेजारचा गिलावा उसवतो. पिंपळाचं रोप जोडात उगवलं असेल तर ओढून काढू नका, मुळाबरोबर दगड येतो. बुंध्याशी कापा आणि जाणकाराला दाखवा.

अक्षरं वाचायला उजेड पुरेसा आहे, फक्त तो बाजूने यायला हवा. भर दुपारी समोरून ऊन पडतं तेव्हा उथळ कोरीव काम पुसल्यासारखं होतं. सकाळी किंवा उन्हं कलताना त्याच दगडावर सावल्या पडतात आणि ओळी उठतात. दगड उत्तरेकडे तोंड करून असेल तर एकाने थोडं लांब उभं राहून आरशाने ऊन कडेने फेकायचं. घरातला साधा आरसा चालतो. संध्याकाळी विजेरी दगडाला जवळजवळ टेकवून धरली तरी तोच परिणाम मिळतो. उजेड डावीकडून टाकून एक आणि वरून टाकून एक असे दोन्ही फोटो घ्या, कारण उभ्या रेघा एकात दिसतात, आडव्या दुसऱ्यात.

आणि ज्या संगमरवरी पाट्यांत शिशाची अक्षरं ठोकून बसवलेली होती आणि आता गळून पडली आहेत, त्या कोऱ्या समजू नका. अक्षर बसवायला पाडलेली बारीक भोकं राहतात. प्रत्येक अक्षराची भोकांची मांडणी ठरावीक असते. त्याच दफनभूमीत अक्षरं शाबूत असलेली, त्याच कारागिराची पाटी शोधा, तिची मांडणी कागदावर उतरवा आणि ताडून पाहा. संपूर्ण नाव लागलेलं मी पाहिलंय.

रंगपंचमी७२

माहिती नव्हती. समजलं. धन्यवाद पाषाणीताई.

पांथस्थ

भोकांची युक्ती आमच्यासाठी सोनं आहे. तशा बऱ्याच पाट्या 'वाचता येत नाही' या सदरात आहेत, त्या पुन्हा काढतो.

अष्टागर

आमच्या भागात, अलिबाग-पेण-रोहा पट्ट्यात, बेने इस्रायली समाजाच्या दफनभूमी आहेत. नवगावची जागा त्यांना सर्वांत पवित्र. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेली सात पुरुष आणि सात स्त्रिया हे त्यांचे पूर्वज अशी परंपरा आहे, आणि बुडालेल्यांना नवगावला पुरलं असं मानतात. समाजातले बहुतेक लोक १९४८ नंतरच्या काळात इस्रायलला गेले. गावोगावच्या दफनभूमी राहिल्या, त्यांच्याकडे जाणारं घर गावात राहिलं नाही.

त्यांच्या दगडांवर मराठी आणि हिब्रू दोन्ही असतं. मराठी आपण वाचूच. हिब्रू न येणाऱ्यांसाठी: माथ्यावर बहुधा 'पे' आणि 'नून' ही दोन अक्षरं असतात, म्हणजे 'इथे विसावला आहे'. तळाशी पाच अक्षरांचा आशीर्वाद. मधली तारीख अक्षरांत असते, प्रत्येक अक्षराला अंकाचं मूल्य. हजाराचा आकडा सहसा गाळतात. उदाहरणार्थ ताव ४००, रेश २००, मेम ४०, मिळून ६४०, म्हणजे हिब्रू वर्ष ५६४०. अशा गाळलेल्या आकड्यात १२४० मिळवले की इसवी सन मिळतो, इथे १८८०. हिब्रू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होतं, म्हणून वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक कमी, १८७९.

आडनावं गावावरून आहेत. पेणकर, नवगावकर, दिवेकर. इस्रायलमधली नातवंडं याच आडनावाच्या आधारे गाव शोधत येतात आणि दफनभूमी कुठे आहे विचारतात. गावात सांगणारा कुणी नसतो. तुमच्यासारखी एक वही तिथल्या ग्रामपंचायतीत असती तर त्यांना परत जावं लागलं नसतं.

सलीम_मास्तर

आमच्याकडचं थोडं वेगळं आहे. कबरस्तानात बहुतेक कबरी कच्च्या, मातीच्या. नाव कोरणं अनेकांना पसंत नसतं, आणि जागा अपुरी असल्यामुळे काही वर्षांनी त्याच जागी पुन्हा दफन होतं. म्हणजे दगड वाचायला याल तर हाती काहीच लागणार नाही. नोंद असते ती जमातीच्या किंवा ट्रस्टच्या वहीत, आणि जी वहीत नसते ती कबर खोदणाऱ्याच्या डोक्यात. आमच्या इथल्या चाचांना कुठल्या झाडाखाली कुठलं घराणं आहे ते बिनचूक सांगता येतं. त्यांना घेऊन एक फेरी मारली, आवाज रेकॉर्ड केला, नकाशावर घराण्यांच्या पट्ट्या आखल्या. कुणाची एकेक कबर दाखवली नाही, दाखवायचीही नव्हती.

जुने पक्के मकबरे असतील तर त्यांवर हिजरी सन असतो. ढोबळ हिशेब: हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. १३०० हिजरी म्हणजे १८८२-८३. नेमक्या तारखेसाठी महिना लागतोच.

परवानगीबद्दल: आधी विश्वस्तांना भेटा, कॅमेरा दुसऱ्या भेटीत काढा. जुम्म्याच्या दिवशी आणि कुणाचं दफन असेल तेव्हा जाऊ नका. हे सगळ्याच धर्मांच्या जागांना लागू आहे.

विदर्भकन्या

विदर्भात कुणी काम करणार असेल तर एक मोठी सोय आहे. ओ. एस. क्रॉफ्टन नावाच्या अधिकाऱ्याने मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या युरोपीय थडग्यांवरच्या लेखांची यादी केली होती, ती १९३२ मध्ये नागपुरात छापली गेली. यादी हातात घेऊन जागेवर जायचं आणि एकेक थडगं ताडायचं. किती उरलंय, किती गेलंय, ते कळतं. त्याने वाचलेला मजकूर आज झिजलेला असेल तर 'क्रॉफ्टनवरून' असं लिहून घेता येतो.

मुंबई इलाख्यासाठी दफनाच्या नोंदींच्या प्रती पाद्री लोक वरिष्ठांकडे पाठवत, त्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ या मालिकेत आहेत. दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींसाठी बाक्सा ही स्वयंसेवी संस्था १९७० च्या दशकापासून काम करते, तिचे कागदही तिथेच. छावणीतल्या सैनिकांसाठी राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाचा शोध मोफत आहे. खडकीच्या युद्धस्मशानात दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ जणांच्या कबरी आहेत, आणि तिथल्याच स्मारकावर पहिल्या महायुद्धातल्या १,८०० हून अधिक जणांची नावं. पहिल्या महायुद्धातली ही माणसं तिथे पुरलेली नाहीत. ती भारत-पाकिस्तानातल्या निरनिराळ्या मुलकी आणि छावणीच्या दफनभूमींत आहेत, जिथे कबरींची निगा राखणं शक्य राहिलं नाही. पांथस्थ, तुमच्या बिननावाच्या चौथऱ्यांपैकी एखादा त्यांतल्या कुणाचा असू शकतो. १९१४ ते १९१९ या काळातली दफनवही मिळाली तर तारखेने ताडून बघा.

वसईकर_मी

आमच्या किल्ल्यातल्या पडक्या चर्चमध्ये पोर्तुगीज काळातली थडगी फरशीतच बसवलेली आहेत, त्यावरून लोक चालतात. मजकुराची सुरुवात बऱ्याचदा 'आकी जाझ', म्हणजे इथे विसावला आहे, किंवा ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची अशी असते. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, त्यामुळे तारखा त्याच्या आतल्याच. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे, तेव्हा साफसफाई वगैरे आपण करायची नाही. फोटो आणि वाचन मात्र कुणी अडवत नाही. पोर्तुगीज जाणणारं कुणी इथे आहे का? एकत्र बसून वाचूया.

शंकासुर

इतकं वाचल्यावर माझा आधीचा प्रश्न मागे घेतो. दुसरा विचारतो: हे सगळं जालावर टाकायचं का? पाटीचोरांना आयता नकाशाच मिळेल. आणि अलीकडच्या मयतांच्या घरच्यांना चालेल का?

पांथस्थ

आम्ही असं ठरवलंय. जुन्या कबरींचा मजकूर आणि फोटो सगळ्यांसाठी खुले, पण नेमकी जागा दाखवणारा नकाशा फक्त विश्वस्तांकडे आणि आमच्याकडे. कुणी वंशज विचारत आला तर फाटकापासून नेऊन दाखवतो. अलीकडच्या, म्हणजे ज्यांची मुलं-नातवंडं येऊन फुलं ठेवतात अशा कबरींची नोंद करतो पण जालावर टाकत नाही. घरच्यांनी सांगितलं तरच टाकतो.

मृत्यूचं कारण कागदावरून कळलं तर तेही जपून. १९६९ च्या जन्ममृत्यू नोंदणी कायद्यात, कलम १७ मध्ये, कुणालाही नोंद शोधून दाखला मागता येतो असं आहे, पण त्या दाखल्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही असंही तिथेच म्हटलंय. मोडीवेडांच्या पटकीच्या पानांना शंभर वर्षं उलटली असतील, तिथे गोष्ट वेगळी. माझ्या मते पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या कारणांनाही हात लावू नये. घरातल्या एखाद्या आत्महत्येची आठवण तेवढ्याने शिळी होत नाही.

खडूफळा

सहमत. आणि प्रती किती ठेवता? एका मंडळाने केलेली सुरेख नोंद मी पाहिली होती, सगळी एका माणसाच्या लॅपटॉपवर. तो बिघडला आणि गेलं.

पांथस्थ

तक्ता साध्या सीएसव्हीत (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली मजकुराची फाइल), युनिकोडमध्ये. कुठल्याही विशिष्ट सॉफ्टवेअरवर अवलंबून नाही. फोटोच्या फाइलला कबरीचाच क्रमांक. प्रती तिघांच्या घरी आणि एक जालावर. शिवाय दर वर्षी छापून, बांधून एक प्रत चर्चच्या कपाटात आणि एक गावच्या वाचनालयात. छापील प्रतीचा फायदा असा की म्हातारी माणसं ती चाळतात आणि 'ही आमची मावशी' असं सांगतात. अशी कित्येक नावं आम्हाला वाचनालयातूनच मिळाली.

चित्रा_क

म्हटल्याप्रमाणे समाधीचा फोटो काढला. पाषाणीताईंच्या सांगण्याप्रमाणे संध्याकाळी विजेरी कडेने धरून. चार ओळी आहेत. दुसरी ओळ अशी लागतेय: 'शके १७५[ ] खरनाम संवत्सरे भाद्रपद'. शेवटचा आकडा फुटलेला आहे, खालचा थोडा बाक तेवढा दिसतो. काही करता येईल का?

मोडीवेडा

येईल. संवत्सराचं नाव दिलंय हे फार चांगलं. आपल्याकडच्या पद्धतीत शकात १२ मिळवायचे आणि ६० ने भागायचं, बाकी उरेल तो संवत्सराचा क्रमांक. संवत्सरांची साठ नावं ओळीने फिरून फिरून येतात, त्यांत खर हा पहिल्या प्रभवापासून पंचविसावा. १७५० ते १७५९ मध्ये पंचवीस बाकी फक्त १७५३ ला येते: १७५३ अधिक १२ म्हणजे १७६५, त्यातून साठाच्या पटीतले १७४० गेले, उरले २५. शकात ७८ मिळवले की १८३१. भाद्रपद असल्याने वर्ष बदलण्याचा प्रश्नही नाही, इसवी सन १८३१ च. फुटलेला आकडा ३ असायला हवा. खालचा बाक तीनच्या शेपटीचा आहे का ते जवळून बघा. पुढच्या ओळीत तिथी आणि वार दोन्ही असतील तर तेही कळवा, जंत्रीवरून पडताळू.

चित्रा_क

आज पुन्हा जाऊन आले. बाक तीनच्या शेपटीसारखाच आहे, उजवीकडे वळलेला. तिथीच्या जागी दगड पूर्ण उडालाय, वार नाही. नोंदीत 'शके १७५[३]' असं लिहिलंय आणि शेऱ्यात 'आकडा फुटका; संवत्सरावरून ठरवला, वाचन मोडीवेडा'. बाकीच्या समाध्यांवर अक्षर नाही. त्यांनाही क्रमांक दिलेत, मापं आणि फोटो घेतलेत. रस्त्याच्या मोजणीआधी ग्रामपंचायतीला या सगळ्याची एक प्रत देऊन पोच घेते आहे.